ब्लू पॉपी: थंडीचं नव्हे, गार उन्हाळ्याचं झाड

उत्तराखंडात घांघरियाहून हेमकुंडला चढताना शेवटच्या टप्प्यात धाप लागते आणि नजर पायाखालीच राहते. त्यामुळेच ते फूल मला दिसलं. खडकाच्या सांदीत, धुक्यात भिजलेला, हातभर उंचीचा काटेरी दांडा आणि त्यावर मान खाली घातलेली निळी फुलं. निळं म्हणजे गोकर्णाचं गडद निळं नव्हे. पावसाने जरा उघडीप दिली की ढगांच्या फटीतून जे दिसतं, ते निळं. आमच्या गटातले सगळे नाशिक-पुण्याकडचे, आणि सगळ्यांच्या तोंडी एकच प्रश्न: हे घरी लावता येईल का?

त्या दिवशी उत्तर कुणाकडेच नव्हतं. आता मी एडिंबराजवळ राहते. घरामागच्या वाफ्यात दर जूनमध्ये याच कुळातली फुलं उमलतात, आणि उत्तर मला बऱ्यापैकी सांगता येतं. नाशिकला लावता येणार नाही. इथे येतं. पण यामागचं कारण बहुतेकांना वाटतं ते नाही. ‘हिमालयातलं झाड, म्हणजे त्याला थंडी लागत असणार’ असं आपण धरून चालतो. थंडी ते सोसतं, त्याला थोडी थंडी लागतेही. पण त्याचं जगणं-मरणं ठरतं ते उन्हाळ्यावर, त्यातही उन्हाळ्यातल्या रात्रींवर.

बागकामाच्या सल्ल्यांत ब्लू पॉपीबद्दल डझनभर नियम सापडतात: सावली द्या, ओल ठेवा, पण पाणी साचू देऊ नका, चुना नको, पहिल्या कळ्या खुडा. सुटे सुटे वाचले की ते लहरी वाटतात, आणि झाडही लहरी वाटायला लागतं. ते लहरी नाही. त्याच्या डोंगरावर वर्षाचे बारा महिने कसे जातात हे एकदा कळलं, की यातला एकेक नियम आपला आपण सुचतो.

खसखशीची निळी चुलत बहीण

आधी ओळख. पॉपीचं कुळ आपल्याला परकं नाही. डब्यातली खसखस याच कुळातली. शेताच्या बांधावर, रेल्वेरुळांच्या कडेला उगवणारा पिवळा धोत्राही याच कुळातला. नावात धोत्रा असला तरी खऱ्या धोतऱ्याशी त्याचं नातं नाही. हेमकुंडच्या वाटेवरच्या झाडाचे काटे पाहून मला पहिल्यांदा पिवळा धोत्राच आठवला होता.

निळ्या पॉपीच्या वंशाचं नाव मेकोनॉप्सिस, ग्रीक शब्दांचा अर्थ ‘पॉपीसारखं दिसणारं’. हिमालय, तिबेटचा आग्नेय भाग आणि चीनचे पश्चिमेकडचे डोंगर हे या वंशाचं घर. सगळ्याच जाती निळ्या नाहीत; पिवळ्या, लाल, जांभळ्याही आहेत. आपल्या ट्रेकर मंडळींना व्हॅली ऑफ फ्लॉवर्स आणि हेमकुंडच्या परिसरात दिसते ती मेकोनॉप्सिस अक्युलिएटा, पश्चिम हिमालयातली काटेरी जात. बागांमध्ये मात्र ही जात क्वचितच असते. बागेतली ब्लू पॉपी बहुतेक वेळा पूर्वेकडची.

तिची गोष्ट सांगण्यासारखी आहे. १९१३ साली फ्रेडरिक मार्शमन बेली आणि हेन्री मोर्सहेड हे दोन ब्रिटिश अधिकारी त्सांगपो नदीचा माग काढत तिबेटात हिंडत होते. आपण जिला ब्रह्मपुत्रा म्हणतो तीच ही नदी. वाटेत बेलीने एक निळं फूल खुडून टिपणवहीत दाबून ठेवलं. पुढे १९२४ मध्ये झाडांच्या शोधात हिंडणारा फ्रँक किंग्डन-वॉर्ड त्याच मुलखात गेला आणि त्याने बी आणलं. दोन-तीन वर्षांतच ब्रिटनच्या बागांत ते फुललं आणि लोक वेडे झाले. मेकोनॉप्सिस बेलीई हे त्याचं नाव डेव्हिड प्रेन यांनी दिलेलं. हे प्रेन पूर्वी कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानाचे प्रमुख होते, आणि सिक्कीमकडची ग्रँडिस ही दुसरी निळी जात त्यांनीच १८९५ मध्ये नोंदवली होती.

नावांचा घोळ झाला तो नंतर. १९३४ मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ जॉर्ज टेलर यांनी बेलीई आणि चीनच्या युनान प्रांतातली बेटोनिसिफोलिया या दोन्ही एकच असं ठरवलं. २००९ साली ख्रिस्तोफर ग्रे-विल्सन यांनी त्या पुन्हा वेगळ्या केल्या. मधल्या पंचाहत्तर वर्षांत छापलेल्या पुस्तकांवर आणि पाकिटांवर बेटोनिसिफोलिया हेच नाव गेलं. म्हणून आजही पाकिटावर ते नाव दिसलं तर आत बहुधा बेलीईच असते. भूतानचं राष्ट्रीय फूलही ब्लू पॉपीच. ते वर्षानुवर्षं ग्रँडिसमध्ये धरलं जायचं, २०१६-१७ च्या सुमारास त्याला स्वतंत्र जात मानून गाक्यिदियाना असं नाव मिळालं. भूतानी भाषेत ‘गाक्यि’ म्हणजे आनंद, समाधान.

तिकडचं वर्ष

आता मुख्य मुद्दा. समुद्रसपाटीपासून तीन ते साडेचार हजार मीटरवरचा डोंगरउतार डोळ्यांपुढे आणा. नोव्हेंबरपासून बर्फ. त्याखाली झाडाचा जमिनीवरचा सगळा भाग वाळून गेलेला, आणि मातीत फक्त एक गड्डा निजलेला. वर वारा उणे वीसचा असेल, पण बर्फाच्या दुलईखाली तापमान शून्याच्या आसपास टिकून असतं. आणि महत्त्वाचं म्हणजे तिथे पाणी नसतं. सगळं गोठलेलं. गड्ड्याच्या दृष्टीने हा कोरडा काळ.

मे-जूनला बर्फ वितळतो, ओल येते, कोंब वर येतो. आणि मग येतो मान्सून. तोच, जो आपल्याकडे जूनमध्ये येतो. जुलै-ऑगस्टभर रोज पाऊस, रोज धुकं, ऊन गाळून गाळून येणारं. दिवसा पंधरा-अठरा अंश, रात्री पाच-सात. पाणी भरपूर, पण उतारावर दगडगोटे आणि कुजलेला पाला, त्यामुळे ते थांबत नाही. ब्लू पॉपी फुलते ती या पावसात. फुलं खाली झुकलेली असतात, म्हणजे पाऊस पाकळ्यांच्या पाठीवर पडतो आणि आतले केसर कोरडे राहतात. सप्टेंबर-ऑक्टोबरला पाऊस ओसरतो, बोंडं पिकतात, बी सांडतं, झाड पुन्हा खाली जातं.

म्हणजे ब्लू पॉपी हे पावसाळी झाड आहे. आपल्या कारवीसारखं, तेरड्यासारखं. युरोपातल्या बागवानांना ही गोष्ट उमगायला वेळ लागला, कारण त्यांच्याकडे पाऊस बारमाही. आपल्याला ती चटकन कळायला हवी: पावसाळ्यात भरपूर पाणी, बाकीच्या काळात नाही. फक्त हा पावसाळा गार आहे.

रात्रीचा हिशेब

गारपणावर मी एवढा जोर का देते? झाड दिवसा उन्हात साखर तयार करतं. पण श्वास ते चोवीस तास घेत असतं आणि श्वासात ही साखर खर्च होते. दिवसभर कमवायचं आणि रात्रंदिवस खर्चायचं, असा हा संसार आहे. तापमान दहा अंशांनी वाढलं की श्वासाचा खर्च ढोबळमानाने दुप्पट होतो. रात्री सहा अंश असताना जेवढा खर्च, त्याच्या दुप्पट सोळा अंशांना, आणि सव्वीस अंशांना जवळजवळ चौपट.

उष्ण प्रदेशातली झाडं या खर्चाला सरावलेली असतात, त्यांची कमाईही तशी दांडगी असते. ब्लू पॉपीची कमाई मुळात धुक्यातली, मंद उजेडातली. गरम रात्रींत तिचा खर्च मिळकतीपेक्षा वाढतो. झाड एका दिवसात मरत नाही. पानं लहान येतात, कडा करपतात, गड्डा भरत नाही, आणि एक दिवस ते दिसेनासं होतं. आपण म्हणतो, ‘काल तर बरं होतं.’ ते बरं नव्हतं, महिनाभर साठवणीवर जगत होतं.

आता नाशिकचा मे महिना घ्या. दुपार चाळिशीच्या आसपास आणि रात्रही वीस-बावीसच्या खाली जात नाही. सावली दिली, पाणी शिंपडलं, कूलर लावला, तरी हिशेब जुळत नाही. महाबळेश्वरचं काय, हा पुढचा प्रश्न हमखास येतो. तिथे स्ट्रॉबेरी येते, जांभ्याची माती आम्लधर्मी आहे, पाऊस तर साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर. पण उंची साडेतेराशे मीटरच्या आसपास, एप्रिल-मेमध्ये दिवसा तीस अंश, आणि हिवाळा इतका सौम्य की गड्ड्याला झोपायची खूणच मिळत नाही. म्हणून तिथेही नाही.

एडिंबरात जुलैच्या दुपारी एकोणीस-वीस अंश असतात आणि रात्री अकरा-बारा. इथल्या लोकांना हा उन्हाळा अपुरा वाटतो. ब्लू पॉपीसाठी तो नेमका आहे. हाच निकष लावून परदेशातल्या मराठी मंडळींना आपापल्या गावाचं उत्तर काढता येईल. स्कॉटलंड, आयर्लंड, नॉर्वेचा किनारा, व्हँकुव्हर आणि सिएटलचा पट्टा, अलास्का, न्यूझीलंडच्या दक्षिण बेटाचा खालचा भाग, इथे जमतं. न्यू जर्सीत आपले लोक भरपूर, थंडीही भरपूर, पण जुलैच्या रात्री उकाड्याच्या, तिथे नाही. लंडनच्या आसपास उन्हाळा कोरडा आणि उबदार पडतो, तिथे ओढाताण होते. कॅनडात क्वेबेकच्या ग्राँ-मेती इथे एल्सी रेफर्ड यांनी वसवलेली बाग आहे. तिथला हिवाळा भयंकर, तरी ब्लू पॉपी तिथली शान आहे, कारण सेंट लॉरेन्स नदीच्या मुखाकडून येणारी गार, दमट हवा उन्हाळा सांभाळते आणि बर्फाची जाड दुलई हिवाळा. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या लाँगवुड गार्डन्समध्ये बाहेरच्या हवेत ती टिकत नाही, म्हणून गार काचघरात वसंताच्या सुरुवातीला काही आठवडे फुलवून दाखवतात. ते प्रदर्शन झालं, बाग नव्हे.

वाफसा

जिथे हवा जुळते तिथेही अर्धी झाडं हिवाळ्यात जातात. माझी पहिली तीन रोपं अशीच गेली. फेब्रुवारीत माती उकरली तर गड्ड्याच्या जागी तपकिरी लगदा. फोनवर आईला सांगितलं, तर ती म्हणाली, “अगं, थंडीने गेली असतील. गोणपाट घालायचं नाही का?”

“थंडीने नाही गं आई, पाण्याने.”

ती खरंच पाण्याने गेली होती. स्कॉटलंडचा हिवाळा हिमालयासारखा कोरडा नाही. इथे जानेवारीत बर्फ कमी आणि रिमझिम जास्त. निजलेला गड्डा पाणी पीत नाही, आणि चिंब मातीत त्याच्याभोवतीची हवा संपते. मग बुरशी येते. म्हणजे अडचण उलटी आहे: उन्हाळ्यात पाणी कमी पडतं म्हणून झाड रुसतं, आणि हिवाळ्यात पाणी जास्त झालं म्हणून मरतं.

इथली पुस्तकं यावर म्हणतात की माती ओलसर हवी, पण निचऱ्याची. नवशिक्याला हे दोन्ही एकदम कसं शक्य आहे ते कळत नाही. मराठी शेतकऱ्याकडे मात्र त्यासाठी एक शब्द आहे: वाफसा. पाऊस पडून गेल्यावर जादा पाणी खाली उतरलेलं, मातीच्या कणांना ओल धरलेली आणि कणांमधल्या पोकळीत हवा. मूठ आवळली तर ढेकूळ होतं, बोटाने टोचलं तर फुटतं. ब्लू पॉपीला बारा महिने वाफसा लागतो, आणि हिवाळ्यात थोडा कोरडेपणाकडे झुकलेला.

तो साधायचा कसा? मी दुसऱ्या वर्षी जमिनीवर विटांनी वीतभर उंच वाफा बांधला. तळाला जाड खडी. वर बागेची माती, दोन वर्षं कुजलेला पाला आणि जाडसर रेती. पाल्याचं प्रमाण मुद्दाम जास्त, जवळजवळ निम्मं. कुजलेला पाला स्पंजासारखा ओल धरतो आणि तरी भुसभुशीत राहतो. डोंगरावर तिला हेच मिळतं. शेणखत चांगलं मुरलेलं असेल तर घालावं, ही खादाड झाडं आहेत, फिकट आणि उपाशी मातीत ती खुरटतात. गड्डा मातीच्या पातळीला किंवा किंचित वर राहील असा लावावा, आणि गळ्याशी रेतीचं वर्तुळ करावं, म्हणजे पाणी तिथे थांबत नाही. दोन रोपांत हातभर अंतर. जागा अशी की सकाळचं ऊन येईल, दुपारी सावली आणि वाऱ्याला अडोसा. उन्हाळ्यात वरून पाल्याचं आच्छादन, म्हणजे मुळं गार राहतात. हिवाळ्यात तेच आच्छादन गड्ड्याच्या डोक्यावरून बाजूला सारायचं.

मातीचा सामू (pH) साडेपाच ते साडेसहा असावा. चुनखडीच्या जमिनीत पानं पिवळी पडतात आणि फूल आलंच तर मळकट जांभळं येतं. आपल्याकडे चुनखडीच्या रानात संत्र्या-मोसंबीची पानं पिवळी पडतात, तसाच प्रकार: लोह मातीत असूनही मुळांना उचलता येत नाही.

रोगांपैकी एक नाव माझ्या ओळखीचं निघालं. पानांवर पिवळट डाग आणि पाठीमागे राखी लव, म्हणजे डाऊनी. नाशिकच्या द्राक्षबागांत काकांनी याच्यासाठी रात्री जागवल्या आहेत. पॉपीवरची बुरशी वेगळी आहे, पण भाऊबंदच. काका फोनवर जे म्हणाले तेच इथे लागू पडलं: गर्दी कमी कर, हवा खेळू दे, संध्याकाळी पानं भिजवू नकोस. बाकी गोगलगायी. वसंतातले कोवळे कोंब त्या एका रात्रीत साफ करतात, तेव्हा टॉर्च घेऊन वेचण्याला पर्याय नाही.

केळ आणि कारवी

ब्लू पॉपीची सगळ्यात जास्त मनाला लागणारी गोष्ट म्हणजे काही झाडं एकदा फुलतात आणि मरतात. नवख्या माणसाला वाटतं आपलं काहीतरी चुकलं. इथे आपल्याकडची दोन झाडं आठवली तर गोष्ट लगेच समजते.

कारवी सात-आठ वर्षं हिरवी राहते, मग एका मोसमात सह्याद्रीचे उतार जांभळे करते, बी टाकते आणि वाळते. हेमकुंडची अक्युलिएटा या जातकुळीतली. दोन-चार वर्षं पानांचा झुपका, मग एकदाच फुलोरा, बी, आणि शेवट. त्यात कुणाची चूक नसते.

केळीचं तसं नाही. केळीचा एक खांबही एकदाच वितो आणि संपतो, पण तोवर बाजूला मुनवे, म्हणजे नवे कोंब, आलेले असतात, म्हणून बेट वर्षानुवर्षं टिकतं. ग्रँडिस आणि तिच्या संकरांचं असं आहे. फुललेला झुपका जातो, गड्ड्याच्या बाजूचे मुनवे पुढे येतात. बेलीई या दोघींच्या मधली. मुनवे धरले तर ती केळ, नाही धरले तर कारवी.

म्हणून तो क्रूर वाटणारा नियम: रोप पहिल्यांदा कळी काढेल तेव्हा ती खुडा. लहान वयातलं झाड सगळी पुंजी त्या एका फुलोऱ्यात आणि बियांत घालतं, बाजूचे डोळे उपाशी राहतात. कळी खुडली की तीच पुंजी गड्ड्यात उतरते. द्राक्षाच्या नव्या वेलीला पहिल्या वर्षी घड धरू देत नाहीत ते याच कारणाने. दीड वर्ष वाट पाहून आलेली पहिली निळी कळी चिमटीत धरून तोडताना हात थांबतो, हे मी अनुभवाने सांगते. तरी तोडा. चार रोपं असतील तर एकाची ठेवा, बाकी तिघांच्या तोडा, म्हणजे रंगही पाहायला मिळतो आणि झाडंही राहतात.

बाजारात संकरही मिळतात. ‘लिंगहोम’ हा त्यातला मला सगळ्यात भरवशाचा वाटलेला. इंग्लंडच्या कंब्रियातल्या त्याच नावाच्या बागेतून आलेला, कमरेपर्यंत किंवा त्याहून उंच, वीतभराला थोडी कमी एवढी फुलं. बहुतेक संकर वांझ असतात, त्यांना बी धरत नाही, ‘लिंगहोम’ला धरतं. ‘स्लीव्ह डोनार्ड’सारखे वांझ संकर मात्र गड्डा फोडूनच वाढवावे लागतात. दर तीन वर्षांनी, फुलं संपल्यावर किंवा वसंतात कोंब दिसताच, गड्डा उचलून मुनवे वेगळे करून ताज्या पाल्याच्या मातीत लावायचे. फोडले नाहीत तर गर्दीने तेही खुरटतात.

बी

बोंड खसखशीच्या बोंडाची लहान, लवदार आवृत्ती. तपकिरी होऊन टोकाशी चिरा पडल्या की आतलं बारीक काळपट बी कागदावर झटकून घ्यायचं. हे बी साठवणीला फार टिकत नाही, उघड्यावर तर नाहीच. एक तर लगेच पेरा, नाही तर घट्ट डबीत फ्रिजमध्ये ठेवून जानेवारी-फेब्रुवारीत पेरा. मी दुसरं करते, कारण ऑगस्टमध्ये उगवलेलं इवलंसं रोप हिवाळ्याला तोंड देण्याइतकं मोठं होत नाही.

पेरणी वरवर. बियाला उजेड लागतो, म्हणून वरून रेतीची फक्त फुंकर. तापमान दहा ते पंधरा अंश. घरातल्या उबदार खिडकीत ठेवलं तर ते रुसून बसतं, बिनहीटरच्या खोलीत दोन ते चार आठवड्यांत उगवतं. पाणी वरून घालायचं नाही, ताटलीत ओतून खालून चढू द्यायचं. इथेच सगळ्यात जास्त नुकसान होतं: दोन पानांची नाजूक रोपं मातीलगत काळी पडून एका रात्रीत आडवी होतात. मिरचीच्या रोपवाटिकेत ‘मर’ म्हणतात तीच. दाट पेरणी आणि कोंदट हवा ही त्याची कारणं. चार पानं झाली की वेगळ्या कुंडीत, आणि मे-जूनमध्ये वाफ्यात. पहिल्या उन्हाळ्यात रोप जेवढं जाडजूड होईल, तेवढा त्याचा हिवाळा सोपा.

निळं येतं कुठून

खरा निळा रंग फुलांत दुर्मीळ आहे, आणि ब्लू पॉपीने तो ज्या वाटेने मिळवला ती मला फार आवडते. गोकर्णाच्या फुलांचा निळा चहा करून त्यात लिंबू पिळलं की तो जांभळा-गुलाबी होतो. आम्ल बदललं, रंग बदलला. तेव्हा वाटतं की निळ्या पॉपीच्या पाकळीतही अल्कली असणार. तसं नाही. तिच्या पाकळीतला रस आम्लधर्मीच असतो, आणि मूळ रंगद्रव्य सायनिडिन, जे लाल गुलाबात असतं. लाल गुलाबाच्याच सामानातून निळं फूल.

२००६ साली जपानी संशोधकांनी ग्रँडिसच्या पाकळ्या तपासून याचा उलगडा केला. सायनिडिनचे रेणू, त्यांच्या जोडीला फ्लेव्होनॉल या गटातले बिनरंगी रेणू, थोडंसं लोह आणि मॅग्नेशियम. लोहाचा अणू या रेणूंना एका विशिष्ट मांडणीत धरून ठेवतो, आणि त्या मांडणीत तेच लाल द्रव्य निळं दिसू लागतं. मांडणी बिघडली की रंग जांभळ्याकडे सरकतो.

बागेत हे डोळ्यांना दिसतं. कोरडा, उबदार जून गेला की माझीच झाडं जांभळट फुलतात. पुढच्या वर्षी गार, ओला जून आला की तेच झाड आकाशी. पहिल्यांदा फुलणारं रोपही पुष्कळदा जांभळट येतं. तेव्हा पहिल्या फुलाच्या रंगावरून ‘बी फसवं निघालं’ म्हणून झाड उपटू नका.

महाराष्ट्रात काय करायचं

ऑनलाइन ‘दुर्मीळ ब्लू पॉपी’ची पाकिटं शे-दोनशे रुपयांत मिळतात, त्यावर शाईसारख्या निळ्या फुलांचे फोटो असतात. बी खरं निघालं तरी आपल्या हवेत रोप एप्रिल पाहणार नाही. ते पैसे वाचवा. स्वयंपाकघरातली खसखस पेरून पाहण्याचा मोह मात्र अजिबात नको: ते अफूचं झाड आहे, आणि १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय एक रोप लावणं हाही गुन्हा आहे. पॉपीच हवी असेल तर शर्ली पॉपी ऑक्टोबर-नोव्हेंबरात पेरा. पुण्या-नाशिकच्या हिवाळ्यात ती छान फुलते, लाल, गुलाबी, पांढरी. निळी नाही.

डोंगरावरून गड्डा उपटून आणण्याचा विचारही कुणी करू नये. व्हॅली ऑफ फ्लॉवर्स हे राष्ट्रीय उद्यान आहे, २००५ पासून नंदादेवीच्या जोडीने जागतिक वारशाच्या यादीत आहे, आणि तिथून फूल, बी, रोप काहीही उचलायला मनाई आहे. शिवाय अक्युलिएटा कारवीसारखी एकदाच बी देते. फुलावर आलेलं झाड उपटलं तर त्याचा सगळा वंश उपटला जातो.

पाहायला मात्र जरूर जा. जुलैचा मध्य ते ऑगस्टचा मध्य हा हंगाम, म्हणजे ऐन पावसात, दरडींचा अंदाज घेऊन आणि हाताशी एक-दोन दिवस जास्तीचे ठेवून. गोविंदघाटहून घांघरिया, तिथे मुक्काम, आणि पहाटे हेमकुंडची चढण. व्हॅली ऑफ फ्लॉवर्समध्ये ती दिसेलच असं नाही, हेमकुंडच्या वाटेवर शक्यता जास्त. वरच्या टप्प्यात पायऱ्यांच्या कडेने चाला, चार पावलांवर थांबा, आणि गवतात नव्हे तर खडकांच्या सांदीत बघा, जिथून पाणी निथळून जातं. दांड्याला हात लावू नका, काटे बारीक आणि टोकदार असतात. फुलाच्या खाली वाकून वर पाहिलंत तर पिवळे केसर दिसतील, पावसातही कोरडे.